निळ्या दोराची गाठ

१

नागपंचमीच्या सकाळी हुबळीच्या देशपांडे नगरात जयलक्ष्मीअक्का झोक्यावरून पडल्या, तेव्हा त्यांच्या पदरात शेंगदाण्याचे लाडू बांधलेले होते. लाडू शाबूत राहिले, मनगट मोडलं.

अंगणातल्या चिंचेला झोका बांधायचा, पंचमीला पहिल्यांदा अक्कांनी बसायचं आणि मग गल्लीतल्या माहेरवाशिणींनी रांग लावायची, हा त्या घराचा रिवाज. अक्का लॅमिंग्टन रोडवरच्या एका शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी झोक्यावरसुद्धा त्या वर्ग तपासायला निघाल्यासारख्या ताठ बसत. त्या दिवशीही तशाच बसल्या. थोडे हेलकावे झाले आणि डावीकडचा दोर फळीपाशी टक्कन तुटला. दोर कोरा करकरीत होता, आदल्या दिवशीच बाजारातून आणलेला.

अक्कांच्या मुलाचा, संजीवचा फोन धारवाडला आला तेव्हा त्याचे मामा भीमसेन पुरणाच्या दिंडावर तूप घेत होते.

"मामा, ताबडतोब या. आई पडली. म्हणजे पडली नाही, पाडलीय तिला. कुणीतरी दोर कापलाय."

भीमसेन हयातभर धारवाडच्या कोर्टात बांधाचे आणि वाटण्यांचे दावे लढले होते. फौजदारी खटला म्हणून एकही वाट्याला आला नव्हता. बहिणीची काळजी त्यांना मनापासून वाटली. पण त्या काळजीच्या पोटात एक चोरटा उत्साहही होता, आणि तो त्यांच्या बायकोला स्वयंपाकघरातूनसुद्धा दिसला.

"दोर कसला होता?" श्रीलक्ष्मींनी विचारलं.

"कसला म्हणजे? दोर होता. टांगायचा."

"सुती, काथ्याचा की प्लास्टिकचा?"

"अगं, माझी बहीण पडली आणि तू दोराची जात काय विचारतेस?"

प्लास्टिकच्या पाइपा आणि दोर करणाऱ्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत श्रीलक्ष्मींनी नोकरी केली होती. ओढ, वाकव, जाळ, पाण्यात टाक आणि मग बोल, ही तिथली शिस्त त्यांच्या अंगात इतकी मुरली होती, की बटण असो, बांगडी असो, नाहीतर कुकरची मूठ, गरम सुई टेकवून वास घेतल्याशिवाय त्यांचा विश्वास बसत नसे. लग्नाच्या एका वाढदिवसाला भीमसेनांनी मोठ्या हौसेनं रेशमी साडी आणली. बाईंनी पदराचा एक धागा काडीवर धरला आणि म्हणाल्या, "रेशीम असतं तर केस जळल्याचा वास आला असता. हे वितळलं, गोळी झाली. पॉलिस्टर आहे." भीमसेन चार दिवस फुगून बसले. साडी मात्र त्या अजून नेसतात, आणि दर वाढदिवसाला तीच नेसतात.

आता त्यांनी पर्समध्ये काडेपेटी आणि सुई टाकली आणि पायात चपला सरकवल्या.

२

अक्का पलंगावर होत्या, प्लॅस्टरमधला हात उशीवर. भावाला बघून त्यांनी तोंड भिंतीकडे केलं.

"भीम्या, दोर तुटला. तुटायचा होता, तुटला. कुणाला काही विचारत बसू नकोस."

"अक्का, संजीव म्हणतो की—"

"संजीवला म्हणू दे. मी पडले ना? मग मी सांगते ते खरं."

सून योगिता चहा घेऊन आली. अक्का म्हणाल्या, "ठेव तिथं." कपावर साय धरली तरी त्यांनी हात लावला नाही. भीमसेनांनी हे मनात टिपून ठेवलं. चहा थंड होऊ देणारी बाई ती नव्हे.

संजीवनं त्यांना अंगणात नेलं. चिंचेच्या आडव्या फांदीवरून दोन निळे दोर लोंबत होते, करंगळीएवढे जाड. उजव्या दोरात फळी एका बाजूनं तिरकी लटकत होती. डावा दोर नुसताच हलत होता.

"हे टोक बघा, मामा. बोट फिरवा. फरशीसारखं गुळगुळीत आहे. आपोआप तुटलेला दोर असा असतो? आणि मी मुद्दाम नायलॉनचा आणवला होता, हत्ती बांधला तरी तुटू नये म्हणून. चाकूशिवाय हे होणं शक्य नाही."

"पण आज चाकू कुठून येणार?" भीमसेन म्हणाले.

प्रश्न बरोबर होता. पंचमीला चिरायचं नाही, कापायचं नाही, तळायचं नाही, हे पुष्कळ घरांत पाळतात. अक्कांच्या घरी ते शाळेच्या नियमासारखं पाळलं जाई. चतुर्थीच्या संध्याकाळी विळी, सुऱ्या, कात्र्या, माळ्याचा कोयता, सगळं एका जुन्या इरकलीत बांधून कपाटात कुलूपबंद होई आणि किल्ली अक्कांच्या कमरेला जाई. संजीवचं दाढीचं पातंसुद्धा त्या गाठोड्यात होतं. त्याचे खुंट त्याची साक्ष देत होते.

"म्हणजे ज्यानं कापलं त्यानं पातं लपवून ठेवलं होतं," संजीव म्हणाला. "आणि दोर बांधला उमेशनं."

उमेश अळणावरजवळच्या खेड्यातला. तो आणि त्याची बायको गोदावरी मागच्या खोलीत राहत. तो बाग बघे, ती घरकाम करी. पंचमीला गोदावरीला माहेरी न्यायचं म्हणून त्यानं सुट्टी मागितली होती. संजीवनं दिली नाही, कारण मग झोका कोण बांधणार? त्यावर उमेश सगळ्यांसमोर म्हणाला होता, "तुमच्या झोक्यापायी माझ्या बायकोची पंचमी बुडाली."

"आज संध्याकाळपर्यंत कबूल झाला तर ठीक," संजीव म्हणाला. "नाहीतर पोलीस येतील आणि खोली रिकामी होईल."

मागच्या खोलीच्या दारात गोदावरी भांडी एका पोत्यात भरत होती. तिनं संध्याकाळची वाट बघितली नव्हती.

३

भीमसेनांनी चिंचेखाली खुर्ची टाकली आणि कोर्ट भरवलं. श्रीलक्ष्मी बाजूच्या पायरीवर पाण्याचा पेला घेऊन बसल्या. उलटतपासणीत तोंड घालायचं नाही, असं नवऱ्यानं त्यांना बजावलं होतं.

उमेश आला तो हात बांधून.

"दोर कोणी कापला?"

"मला काय ठाऊक, री. मी दोर बांधलो. कापलो न्हाई."

"रागात होतास की नाही?"

"व्हतो. रागावल्यावर माणूस बोलतंय, अण्णा. म्हातारीला पाडतंय व्हय? कालच्याला काथ्याचा दोर आणूया म्हटलो, तर साहेब नको म्हणाले. ह्यो निळा दोर लई गुळगुळीत. गाठ मारली की बसंना. दोनदा सोडलो, दोनदा बांधलो."

"आज पहाटे कुठं होतास?"

"वारुळाला दूध घालायला. ही बी व्हती संगट. आलो तवर अक्का पडल्या व्हत्या."

मग गोदावरी. ती भीमसेनांकडे न बघता पायरीवरच्या बाईंकडे बघून बोलू लागली.

"बाई, आमी न्हाई केलं. अक्कांनी माझं बाळंतपण केलं ह्या घरात. मी रांगोळी काडले अंधारात, मग वारुळाला गेले. परत येऊन बघते तर रांगोळीत ह्यो निळा ठिपका. मी न्हाई टाकलेला. नखानं निघंना म्हणून तसाच ठेवले."

झोक्याखालच्या फरशीवर, रांगोळीच्या नागाच्या फण्यात, टिकलीएवढा निळा थेंब घट्ट बसला होता. श्रीलक्ष्मी उठल्या. सुईनं त्यांनी तो अलगद उचकटला आणि आपल्या पेल्यात टाकला. थेंब तळाशी गेलाच नाही. पाण्यावर मजेत तरंगत राहिला.

"हं," श्रीलक्ष्मी म्हणाल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असा काही आनंद पसरला की भीमसेनांना वैताग आला. माणसं रडकुंडीला आली होती आणि यांना पेल्यात गंमत दिसत होती.

"नायलॉन बुडतं," त्या म्हणाल्या. "हे नायलॉन नाही."

"बुडो की तरंगो, त्यानं काय होतंय? योगिता, ये बाळ, बस."

योगिता बसली. महिन्यापूर्वी तिनं चिंच तोडायची भाषा केली होती. पानांनी पन्हळ तुंबते, गाडी ठेवायला जागा नाही, असं काहीबाही. अक्का दोन दिवस तिच्याशी बोलल्या नव्हत्या.

"म्हणाले होते, मामा. रागात म्हणाले. पन्हळ मलाच काढावी लागते ना."

"दोर तू कापलास?"

"नाही."

"कुणाला कापताना बघितलंस?"

"नाही."

"पहाटे कुठं होतीस?"

इथं योगिता थांबली. मान खाली गेली, पदराचं टोक बोटाला गुंडाळू लागलं. "फुलं काढत होते," ती म्हणाली.

भीमसेनांनी हयातभर साक्षीदार बघितले होते. खोटं बोलणारा माणूस कसा दिसतो हे त्यांना सांगावं लागत नसे. त्यांना फौजदारी खटला हवा होता, पण आरोपीच्या पिंजऱ्यात ही पोर नको होती. ही पोर त्यांना आवडे. हुबळीला आले की आल्याचा चहा न सांगता पुढं करणारी तीच.

ते उठून सरळ अक्कांच्या खोलीत गेले आणि दार लोटलं.

"अक्का, तू काहीतरी बघितलंयस."

अक्का भिंतीकडेच बघत बोलल्या.

"पहाटे खिडकीतून बघितलं. चष्मा नव्हता. योगिता झोक्यापाशी ओणवी बसली होती, फळीखाली हात घालून. हातात काहीतरी चमकत होतं. मला वाटलं, पंचमी आहे, पूजा करत असेल." त्यांचा आवाज चिरकला. "भीम्या, तिला झाड नको, झोका नको. मीही नकोशी झालेय, हे मला कळलं नव्हतं रे. तू कुणाला सांगू नकोस. माझ्या घराचं हसं होईल."

"आणि उमेश?"

"त्याला काही होऊ देणार नाही मी. दोर मीच कापला म्हणून सांग."

भीमसेन वकील होते, पण आधी धाकटे भाऊ होते. अक्कांना त्यांनी कधी रडताना बघितलं नव्हतं. आता डोळ्यांतलं पाणी पुसायला अक्कांचा उजवा हात उचलत नव्हता, म्हणून भावानं आपल्या रुमालानं ते पुसलं.

४

बाहेर आले तर श्रीलक्ष्मी फळीखाली मान घालून बसल्या होत्या. बोटाला काळं लागलं होतं, ते त्या हुंगत होत्या.

"ऐक," भीमसेन खालच्या आवाजात म्हणाले आणि सगळं सांगून टाकलं. "आता काय करायचं? उमेशला वाचवावं तर ही पोर जाते, आणि हिला झाकावं तर तो रस्त्यावर येतो."

"अहो, मला एक सांगा. साक्षीदाराला तुम्ही विचारलंत, 'तू बायकोला मारायचं कधी सोडलंस?' तर कोर्ट काय म्हणेल?"

"प्रश्नच खोटा म्हणेल. मारलं हे आधीच धरून चाललोय."

"मग तुम्ही मघापासून सगळ्यांना काय विचारताय?"

"दोर कुणी कापला..." म्हणता म्हणता भीमसेन चपापले.

"सगळ्यांना बोलवा," श्रीलक्ष्मी म्हणाल्या. "अक्कांनाही खुर्चीवर बसवून आणा. संजीव, उरलेला दोर आण. आणि पाण्याचे मोठे कॅन दोन, काठोकाठ भरून."

"मामी, भरून?" संजीव दचकला. "नळ परवा येणार आहे."

"भरून."

अंगणात सगळे जमले. अक्का योगितापासून लांब बसल्या, गळ्यात चष्म्याची दोरी, नजर जमिनीवर. उमेश आणि गोदावरी पायरीच्या कडेला उभे राहिले.

"संजीव, उरलेल्या दोराचं हे टोक दुकानदारानं कापलेलं, बरोबर?" श्रीलक्ष्मींनी विचारलं. "हातात घे."

टोक पिंजारलं होतं. बारीक बारीक निळे तंतू जुन्या कुंच्यासारखे बाहेर आले होते.

"पातं कितीही धारदार असू दे, कापलेला दोर असा सुटतो. तंतू मोकळे होतात. आता झोक्याचं तुटकं टोक बघ. एक तरी तंतू दिसतो का? सगळे एकमेकांत विरघळून एक गोळा झालाय. तू त्याला गुळगुळीत म्हणालास आणि तुला चाकू आठवला. मला दिवा आठवला."

त्यांनी दोराचा एक तंतू काडीवर धरला. तो मागे सरकला, आकसला आणि थेंब होऊन गळला. विझलेल्या मेणबत्तीसारखा वास सुटला.

"हा पॉलिप्रॉपिलीनचा दोर. बाजारात सगळ्याच दोरांना नायलॉन म्हणतात, पण नायलॉन पाण्यात बुडतं आणि हे तरंगतं. नायलॉनला वितळायला जास्त आच लागते, हे निरांजनावर झटकन वितळतं. तो निळा थेंब रांगोळीत पडला, कारण वर दोर वितळत होता. फळीच्या खाली काजळी धरलीय. या दोराला आज कुणी कापलेलंच नाही."

संजीव टोकाकडे बघत राहिला. उमेशनं पहिल्यांदाच मान वर केली.

श्रीलक्ष्मी वळल्या. त्यांचा आवाज अगदी सहज होता, मीठ कुठं ठेवलंय विचारावं तसा.

"योगिता, गाठीला निरांजन तू धरलंस?"

"हो," योगिता म्हणाली. "मीच धरलं. का?"

५

संजीवचा चेहरा उतरला. अक्कांनी डोळे मिटून घेतले.

"सांगितलं का नाहीस?" संजीव ओरडला.

"कुणी विचारलंच नाही! सगळे विचारतात कापलं कुणी, चाकू कुणाकडं होता. मी कापलं नाही. मी तर गाठ पक्की केली!" योगिता गोंधळून सगळ्यांकडे बघत होती. "मामी, गाठ सरकत होती. उमेशअण्णा घरी नव्हते. अक्का बसणार, गाठ सुटली तर? आणि गाठीची शेपटं लांब राहिली होती, ती साडीत अडकली असती. कापायची तर आज सोय नाही. म्हणून दोन्ही गाठींना निरांजन धरून चांगलं वितळवलं, ओल्या फडक्यानं दाबलं. नाडीचं टोक करतो तसं. मग घट्ट दगड झाली गाठ."

"गाठ सरकते हे तुला कसं कळलं?" श्रीलक्ष्मींनी विचारलं.

योगिताची मान पुन्हा खाली गेली. भीमसेनांनी मघाशी बघितलेली तीच मान.

"बसले होते मी," ती पुटपुटली. "कुणी उठलं नव्हतं म्हणून. जरा वेळच. मामा, फुलं काढत होते म्हणाले, ते खोटं. लाज वाटली. पंचमीचा झोका माहेरवाशिणींचा. मला आई नाही, भाऊ नाही, न्यायला कुणी येत नाही. गल्लीतल्या पोरी बसतात, मी चहा देते. एकदा बसून बघावं वाटलं."

संजीव अजून तिथंच अडकला होता. "पण मामी, वितळून चिकटल्यावर गाठ घट्टच होणार ना? मग तुटली कशी? हिनं मुद्दाम..."

"कॅन टांग," श्रीलक्ष्मी म्हणाल्या.

उरलेल्या दोराचे दोन तुकडे त्यांनी मेणबत्तीवर जाळून वेगळे केले. अक्कांचा नियम त्यांनीही मोडला नाही. उमेशनं दोन्हींना सारख्याच गाठी मारल्या. एका गाठीला योगितानं सकाळी धरलं होतं तसं निरांजन धरलं. तिचं काम नीटनेटकं होतं. सगळ्या बाजूंनी फिरवत, आतपर्यंत वितळेतो. गार झाल्यावर गाठ खरोखरच दगडासारखी झाली. संजीवनं ओढून बघितली. "हीच जास्त पक्की आहे," तो म्हणाला.

दोन्ही कॅन फांदीला लागले. भीमसेनांनी एकाला आणि उमेशनं दुसऱ्याला झोका दिला. साधी गाठ कुरकुरली, थोडी सरकली, पण कॅन झुलत राहिला. वितळलेल्या गाठीचा कॅन थोडा वेळ छान झुलला. मग टक्कन आवाज झाला, सकाळी झाला होता तसाच, आणि कॅन फुटून पाणी भीमसेनांच्या धोतरापासून तुळशीपर्यंत पसरलं.

"अय्यो! परवापर्यंतचं पाणी!" अक्का ओरडल्या. दिवसभरात त्यांचा हा पहिला खणखणीत आवाज.

श्रीलक्ष्मींनी तुटकं टोक सगळ्यांपुढं धरलं. गुळगुळीत, कडक, चकचकीत. सकाळच्या टोकाचं जुळं भावंडच.

"प्लास्टिक म्हणजे लांबच लांब साखळ्या," त्या म्हणाल्या. "दोराचा तंतू करताना कारखान्यात तो खूप ओढतात, म्हणजे सगळ्या साखळ्या एका दिशेला सरळ होतात. दोराची ताकद त्या सरळपणात असते. वितळवला की साखळ्या मोकळ्या होऊन पुन्हा एकमेकींत गुरफटतात. वेणी आणि गुंतवळ, केस तेच ना? पण वेणीला लोंबकळता येतं, गुंतवळाला नाही. शिवाय दोर वाकतो, हा गोळा वाकत नाही. झोका मागं-पुढं झाला की दर खेपेला तो तिथंच मुडपतो, तडा जातो आणि तुटतो. हाताला पक्का वाटतो आणि दगा देतो. फसण्यासारखंच आहे, संजीव. तूसुद्धा आत्ता फसलास."

"पण तिला हे माहीत नव्हतं कशावरून?" हे अक्का विचारत होत्या. आवाज अगदी बारीक होता. भीमसेनांना कळलं, या एका प्रश्नावर त्या सकाळपासून तळमळत होत्या.

"अक्का, दवाखान्यात नेलेल्या पिशवीची दोरी मी आल्या आल्या बघितली. टोकाला वितळवून मणी केलेला. स्वयंपाकघरातल्या एप्रनची नाडी, तसाच मणी. आणि आता तुमच्या गळ्यातली चष्म्याची दोरी बघा."

अक्कांनी डाव्या हातानं दोरी चाचपली. मानेमागच्या गाठीपाशी दोन्ही टोकांना बारीक, गोल, नीट दाबलेले मणी होते.

"ही दोरी उसवत होती," त्या हळूच म्हणाल्या. "चष्मा सारखा पडायचा. एक दिवस पडायचा थांबला. मी कधी विचारलंही नाही."

"ज्या हातानं तुमचा चष्मा सांभाळला, त्याच हातानं तुमची गाठ सांभाळली. चष्म्याला ते चाललं, कारण चष्म्याला वजन नाही. माणसाला चालत नाही, एवढंच तिला ठाऊक नव्हतं."

योगिताला आता कुठं सगळं उमगलं. तिनं अक्कांच्या प्लॅस्टरकडे बघितलं आणि तोंडावर हात घेतला. "म्हणजे तुमचा हात माझ्यामुळं... आणि तुम्हाला वाटलं मी..." ती धावत आत गेली.

अक्का उठू लागल्या. भीमसेन आधार द्यायला पुढं झाले, तर त्यांना दटावलं, "भीम्या, बाजूला हो. मला जायचंय." आणि त्या एकट्याच, भिंतीला धरून, सुनेच्या मागं गेल्या. आत काय बोलणं झालं ते कुणाला ऐकू आलं नाही. बऱ्याच वेळानं अक्कांची हाक मात्र आली, "योगिता, तो थंड झालेला चहा टाक, आणि दुसरा कर. आलं जास्त घाल."

६

संजीवला माफी मागायची सवय नव्हती. तो उमेशपुढं जाऊन उभा राहिला, घसा खाकरला, चिंचेकडे बघितलं, आणि शेवटी म्हणाला, "उमेश, मी चुकलो. गाठ तू बरोबर मारली होतीस आणि दोर मी चुकीचा आणवला."

"असू दे, साहेब."

"असू दे कसं? गोदावरी, ते पोतं सोड. आणि माहेरी जायची पिशवी भर. उद्या सकाळी मी गाडीनं पोचवतो दोघांना."

गोदावरीनं ऐकलं, आणि ज्या पोत्यात मुकाट्यानं भांडी भरली होती त्याच्यावर बसून ती हमसाहमशी रडली.

चार दिवस माहेरी राहून ती दोघं परत आली, ती काथ्याचा जाड दोर खांद्यावर घेऊन. श्रावण संपेपर्यंत झोका उतरवायचा नसतो, म्हणून तो नव्यानं बांधायचा होता; त्यासाठी भीमसेन आणि श्रीलक्ष्मीही मुद्दाम धारवाडहून आले. श्रीलक्ष्मींनी दोराचा तंतू जाळून बघितलाच. जळक्या गवताचा वास आला. राख झाली, गोळी झाली नाही. त्यांनी मान डोलावली आणि मगच उमेशला शिडीवर चढू दिलं.

फांदीच्या गाठी उमेशनं मारल्या. फळीच्या गाठी राहिल्या. गल्लीतल्या पोरी रांग लावून उभ्या होत्या.

"योगिता," अक्कांनी हाक मारली. "या गाठी तू मार."

योगिता एक पाऊल मागं सरली. "नको अक्का. मी हात नाही लावणार."

"उमेश सांगेल तशी मार. पण तूच मार."

उमेशनं दाखवलं, तिनं मारली. खरखरीत काथ्यात गाठ लगेच बसली. अक्कांनी डाव्या हातानं ओढून बघितली, आणि मग पहिल्यांदा बसायचा मान घ्यायला पुढं होण्याऐवजी त्या झोक्याच्या मागं जाऊन उभ्या राहिल्या.

"बस."

"मी? अक्का, आधी तुम्ही. आणि मी तर सून..."

"वर्गात शेवटच्या बाकावर एखादं पोर डबा न आणता बसलं असेल तर मला दारातून कळायचं," अक्का म्हणाल्या. "आणि माझ्याच घरात एक पोरगी दर पंचमीला सगळ्यांना चहा देत उभी राहिली, ते मला दिसलं नाही. तुला न्यायला कुणी येत नाही, खरं आहे. कशाला येईल? तू माहेरीच आहेस. बस म्हणते ना!"

हे शेवटचं शाळेतल्या आवाजात होतं. त्या आवाजापुढं हुबळीत आजवर कुणी उभं राहिलं नव्हतं. योगिता बसली.

भीमसेन बायकोच्या कानाशी लागले. "मला वाटलं होतं, मी एखादा तरी फौजदारी खटला चालवेन."

"चालवलात की. आरोपीच नव्हता, त्याला तुम्ही काय करणार?" श्रीलक्ष्मी म्हणाल्या, आणि डोळे टिपायला त्यांनी पदर वर घेतला. भीमसेनांचं तेव्हा लक्ष गेलं. वाढदिवस नसताना त्या आज तीच पॉलिस्टरची साडी नेसल्या होत्या.

अक्कांनी प्लॅस्टरचा हात छातीशी धरला, डावा हात योगिताच्या पाठीवर ठेवला आणि झोका ढकलला.

"घट्ट धर गं, पोरी," त्या म्हणाल्या. "मी आहे मागं."